हंडा रिकामा आहे का?

मध्यंतरी एका कॉलेजात अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांच्या ज्युरीला बाहेरचा पाहुणा म्हणून गेलो होतो. शाल, नारळ आणि 'दोन शब्द' यापलीकडे अशा पाहुण्याला काम नसतं. पडद्यावर 40 सेकंदांची फिल्म: एक आजी नळावर हंडा भरते, कमरेवर घेते, जिना चढते. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना पुरवायचं, म्हणजे पोरानं 480 चित्रं काढली होती. दिवे लागले आणि आम्ही परीक्षक, मुलगी बघून उठलेल्या मंडळींसारखे बोलू लागलो.

एक म्हणाले, "चांगलंय, पण मजा नाही आली." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "इमोशनल कनेक्ट वाढवा." कुठल्या फ्रेमपासून, ते गुलदस्त्यात. तिसरे म्हणाले, "जरा पिक्सारसारखं करा ना." मी "छान" म्हणालो.

पिक्सारचं नाव घेणाऱ्यांना नोव्हेंबर 1993 बहुधा ठाऊक नसतो. पिक्सारनं 'टॉय स्टोरी'ची कच्ची रिळं डिस्नेच्या साहेबांना दाखवली, तर नायक वुडी इतका खडूस निघाला की कामच थांबवावं लागलं. गोष्ट नव्यानं लिहिली, वुडी माणसात आला, 1995 साली सिनेमा लागला. पिक्सारसारखं करायचं तर "तुमचा नायक डोक्यात जातो" हे तोंडावर सांगावं लागतं. आपल्याकडे असं कुणी बोललं की विभागप्रमुख सारवासारव करतात आणि चहा येतो.

पोरगाही कमी नव्हता. प्रत्येक वाक्याला उत्तर तयार. "सर, कलर बाकी आहे." "मॅम, ती स्टाइल आहे." फिल्म महोत्सवात लागेल तेव्हा हा काय पडद्याशेजारी उभा राहून खुलासे करणार?

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका वर्गमैत्रिणीनं विचारलं, "हंडा रिकामा आहे का रे?"

हशा पिकला. पोरगा उखडला. "भरलेला आहे!"

"मग आजी तो पर्ससारखा का उचलते? उचलायच्या आधी वाकून थांबू दे ना तिला जरा. आणि कमरेवर घेतला की दुसऱ्या बाजूला कलू दे."

पोरानं पहिल्यांदाच खुलासा न करता वही उघडली. त्या वाकून थांबण्याला अ‍ॅनिमेशनच्या पुस्तकांत अँटिसिपेशन म्हणतात. परीक्षकांपैकी दोघं तेच शिकवतात.

आठ दिवसांनी त्यानं सुधारलेली फिल्म पाठवली. फाइलचं नाव 'फायनल_फायनल_4'. आजी वाकते, थांबते, हंडा कमरेवर येताच मोकळा हात बाहेर फेकते. पाण्याचा थेंबही दिसत नाही, पण हंडा चांगलाच जड वाटतो.

जिन्यावर मात्र तिची पावलं पायरीला टेकत नाहीत, बर्फावरून सरकल्यासारखी सरकतात. हे मला ज्युरीच्या दिवशीच दिसलं होतं. तेव्हा मी "छान" म्हणालो होतो.