बोनाफाईड चालेल का?

अमेरिकेत इलेक्टिव्ह, म्हणजे तिथल्या रुग्णालयात काही आठवड्यांचं शिक्षण, करायचं ठरवलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याचा पहिला रुग्ण तो स्वतःच असतो. त्याला वैद्यक किती येतं हे नंतर पाहू. आधी त्याला गोवर येऊन गेलाय का, ते सांगा.

मुंबईत फायनल इयरला असलेल्या एका मुलीकडे असाच लसीकरणाचा फॉर्म आला. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, हिपॅटायटिस बीचे तीन आणि वर अँटिबॉडीचा टायटर, धनुर्वात, कांजिण्या, क्षयाची चाचणी. लहानपणीचं लशींचं कार्ड घर बदलताना कुठेतरी गेलेलं. कांजिण्यांबद्दल आजी मात्र ठाम होती. चौथीत, सहामाहीच्या आधी, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवली होती. डाव्या भुवईवर व्रण आहे, बघा. इतकी चोख हिस्ट्री वॉर्डात क्वचितच मिळते. पण फॉर्मला आजी चालत नाही, लॅबचा आयजीजी रिपोर्ट लागतो.

क्षयाची तर वेगळीच गंमत. आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, अमेरिकेत सरसकट टोचत नाहीत. त्या लशीमुळे म्हणा, की वॉर्डात तोंडावर खोकणाऱ्या मंडळींच्या कृपेने म्हणा, आपल्या विद्यार्थ्यांची मांटू चाचणी पॉझिटिव्ह यायला वेळ लागत नाही. हिचीही आली. मग छातीचा एक्स-रे, शिवाय बीसीजीला न फसणारी इग्रा ही रक्ताची चाचणी. दोन्ही साफ निघाल्या, पण तोवर आईने शेजारी कुणाला बोलायचं नाही अशी ताकीद देऊन ठेवली होती. डॉक्टर होणाऱ्या मुलीच्या घरातही टीबी हा शब्द अजून हळू आवाजातच उच्चारतात.

एवढा खटाटोप कशासाठी? फॉर्मवर उद्देशाचा रकाना असतो. तिथे सगळे जण ‘वेगळी आरोग्यव्यवस्था समजून घेणे’ असं लिहितात. हॉस्टेलच्या खोलीत त्याच उद्देशाला एलओआर म्हणतात. पुढे तिकडे रेसिडेन्सी हवी असेल, तर तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात. त्यातून २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या तिकडच्या परवाना परीक्षेच्या स्टेप वनला गुण मिळायचे बंद झाले, नुसतं पास की नापास. त्याआधी गुण मिरवता यायचे. आता चार आठवड्यांत एखाद्या अनोळखी प्राध्यापकाच्या मनात भरायचं, आणि तेही जाताना त्याने पत्र लिहून द्यावं इतकं. लग्नं जुळायलाही याहून जास्त वेळ देतात.

मुलीच्या काकांनी स्टायपेंड किती, असं विचारलं. स्टायपेंड नाही, उलट फी आपणच भरायची, तीही डॉलरमध्ये. शिवाय रुग्णाने दावा ठोकलाच तर म्हणून वेगळा विमा. काका बराच वेळ गप्प होते, आणि ते सहसा होत नाहीत.

वेळेचं गणितही नाजूक. पदवी हातात पडली की बहुतेक विद्यापीठं इलेक्टिव्ह देत नाहीत; उरते ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे हात मागे बांधून बघत राहणं. म्हणून विद्यार्थी असतानाच जायला हवं. पण विद्यार्थी असताना इथे थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. शिवाय कॉलेजकडून ‘लेटर ऑफ गुड स्टँडिंग’ हवं. ही मुलगी नमुना घेऊन ऑफिसात गेली, तेव्हा टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, “असं पत्र आपल्याकडे नसतं. बोनाफाईड न्या. पासपोर्टला चालतं, रेल्वेच्या पासला चालतं, अमेरिकेला का नाही चालणार?” या युक्तिवादात खोट काढता येत नाही.

जागा मिळवणं हे आणखी एक प्रकरण. कॉलेजचा तिकडच्या एखाद्या विद्यापीठाशी करार असेल तर ठीक, नाहीतर रात्री जागून अनोळखी प्राध्यापकांना मेल टाकत बसायचं. या बाबतीत आनंदीबाई जोशींचं नशीब जोरावर होतं. त्यांच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी लिहिलेली पत्रं एका मिशनरी मासिकात छापून आली आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ती वाचली, तीही दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. त्यातून पत्रमैत्री जुळली, १८८३ साली आनंदीबाई बोटीने निघाल्या, त्या बाईंच्या घरी उतरल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली. आजच्या दवाखान्यात वाट बघणारा माणूस मोबाईलवर रील बघतो, त्यामुळे तीही वाट बंद झाली.

व्हिसाला मात्र सरळ नियम आहे. परदेशातल्या मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, पगार न घेता, तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात इलेक्टिव्ह करणार असेल तर त्याला बी-वन चालतो. तरी बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीआधी काकांनी घरात तालीम घेतली. ‘काम’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये, ‘शिकायला’ म्हणायचं. मुलीने ते इतकं मनावर घेतलं की पुढचे काही दिवस ती ओपीडीतही ‘मला शिकायला उशीर होतोय’ म्हणत पळायची.

व्हिसा झाला, तिकीट निघालं. इथे कॅज्युअल्टीत रक्त काढणं, टाके घालणं हे रोजचंच. तेव्हा तिथे रुग्णाला प्रत्यक्ष हात लावायला मिळेल ना, असं तिने मेल करून विचारलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अतिशय नम्र. एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट बसतो ना, याची फिट टेस्ट केली आहे का, आणि मास्कची साईज कोणती? तिने वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “साईज? खोक्यात आहे ती.”