एक तोंड जास्त

कशेळ्याच्या नाक्यावरून कर्जतला जाता येतं, मुरबाडला जाता येतं, नेरळला जाता येतं, आणि भीमाशंकर चढायचं असेल तर खांडसलाही. शनिवारी सकाळी या सगळ्या रस्त्यांनी जाणारी माणसं तिथे चहा-वडापाव घेताना दिसतात. कुठेच न जाणारे तेवढे आपले एट हंड्रेडवाले काका. गाडी गॅरेजच्या दारात, बॉनेट वर आणि काका कंबरेपर्यंत आत.

कर्जत तालुक्यात मुंबईकरांच्या बंगल्या रुजल्या, तेव्हा हापूसच्या कलमांबरोबर हे काकाही आले. पाच गुंठे जागा, बँकेचं पेन्शन आणि पहिल्या खेपेतली मारुती एवढी त्यांची इस्टेट. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाला चावी दिली हे ते अशा थाटात सांगतात, की चावीची दुसरी बाजू यांनीच धरली होती. त्यांची स्वतःची गाडी 1985 ची. 2021 च्या नियमाप्रमाणे नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी व्हिंटेज. स्वतः काका पंच्याहत्तरीला टेकलेत. पण ‘2035 ला बघा’ असं म्हणताना काळजी फक्त गाडीच्या तब्येतीची असते. नियमाला गाडी मूळ रूपातली लागते, म्हणून ते साधी क्लिपसुद्धा बदलू देत नाहीत. काकूंचा चष्मा मात्र दोन वर्षं दोऱ्यावर आहे.

अशा माणसाला कार्बोरेटर बदलावा लागणं म्हणजे घरातलं मोठं कार्य. जुना काढण्याआधी फोटो झाले. प्रत्येक रबरी नळीला चिकटपट्टी लागली, पट्टीवर नंबर पडला, नंबर वहीत चढला. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून कार्बोरेटर आला. तो होता नंतरच्या मॉडेलचा. सगळ्या नळ्या लावून झाल्या आणि एक तोंड शिल्लक राहिलं.

काकांची हयात हिशेब टॅली करण्यात गेलेली. एका रुपयाच्या फरकासाठी त्यांनी अख्खी शाखा रात्री आठपर्यंत बसवून ठेवली होती. त्यांना एक तोंड जास्त कसं खपावं?

“काका, त्याला बूच मारा. गाडी एअर खातेय,” मेकॅनिक म्हणाला.

“बूच? म्हणजे सस्पेन्स अकाउंट! अरे बाळा, प्रत्येक तोंडाला समोर नोंद असते.”

नोंद त्यांनी शोधली. फ्लोट चेंबरच्या माथ्यावर आणखी एक बारीक तोंड उघडंच होतं. एक उघडं इथे, एक उघडं तिथे. काकांनी डबीतली नळी काढून दोघांची गाठ घालून दिली. वही टॅली झाली. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

आता खरी गंमत अशी, की कार्बोरेटरची सगळी तोंडं एका स्वभावाची नसतात. थ्रॉटलच्या पाकळीखालचं तोंड इंजिन चालू असेपर्यंत ओढत राहतं. पाकळीच्या जरा वरचं तोंड डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, डायफ्रॅमला जातं. ते आयडलिंगला गप्प असतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की जागं होतं. फ्लोट चेंबरचं तोंड कोणालाच ओढत नाही. ते बाहेरची हवा आत घेतं, त्या हवेचा दाब पेट्रोलवर पडतो, म्हणून पेट्रोल जेटमधून वर चढतं. काकांनी नेमकी कायम ओढणाऱ्याची नळी या गरीब तोंडाला लावली होती. दाबच गेल्यावर पेट्रोल बसल्या जागी बसून राहिलं.

मेकॅनिकने यातलं काही सांगितलं नाही. त्याने काकांची नळी उपटली, कायम ओढणाऱ्या तोंडावर नळीचा तुकडा चढवून त्यात बोल्ट घातला आणि क्लिप आवळली. चेंबरचं तोंड मोकळं ठेवलं. मग इंजिन चालू करून एकेक नळी पकडीने चिमटत तो कान देऊन ऐकत राहिला. डेल्कोची चिमटली, आवाज तोच. ब्रीदरची चिमटली, आवाज जरासा पडला. सुस्कारा कुठूनच येत नव्हता. स्लोचा स्क्रू अर्धा फेरा फिरवल्यावर तिन्ही सिलिंडर एका सुरात लागले.

“हे उघडंच ऱ्हायचं काका. याला काय पन लावू नका.”

“अरे पण का?”

“श्वास घ्यायला नको?”

वहीत काकांनी लिहिलं: ‘तोंड क्र. 6: समोर नोंद नाही. मेकॅनिकच्या जबाबदारीवर.’ खाली मेकॅनिकची सही मागितली. त्याने तेलकट अंगठा उमटवला, तर काकांनी तारीखही घालायला लावली.

गाडीत दीड तास बसलेल्या काकूंनी काच खाली केली. “छान चाललीय ना? मग निघू या. भाजी सुकली.”

काकांनी कान लावला. ना फुसफुस, ना मिसिंग. इतक्या वर्षांत गाडी अशी चालली नव्हती. कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि बॉनेट पुन्हा वर केलं. इतकं सुरळीत चाललंय म्हटल्यावर कुठेतरी चुकलं असणारच.