नाथसागराचा स्तंभालेख

आकड्याला उंची देऊन तो नजरेने मोजता यावा, यासाठी काढलेली आकृती म्हणजे स्तंभालेख. त्याचे नियम तीनच: सर्व स्तंभांची रुंदी सारखी, दोन स्तंभांमधले अंतर सारखे आणि सर्वांचा पाय शून्यावर. पहिले दोन नियम मोडले तर शाळेत गुण कापले जातात. तिसरा सफाईने मोडता आला तर मोठेपणी जाहिरात विभागात नोकरी लागते.

विल्यम प्लेफेअरने 1786 साली आपल्या ॲटलासात स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे स्तंभ काढले, तेही नाइलाजाने. इतर देशांची वर्षानुवर्षांची आकडेवारी असल्याने तिथे रेषा धावल्या. स्कॉटलंडची एकाच वर्षाची मिळाली, तेव्हा स्तंभ उभे राहिले. आकडे कमी पडले म्हणून शोध लागल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. एरवी आकडे कमी पडले की समिती नेमली जाते.

छत्रपती संभाजीनगरात या आलेखाचा अभ्यास नळामुळे होतो. शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर, म्हणजे नाथसागरावर अवलंबून. त्यामुळे पावसाळ्यात धरणसाठ्याचे टक्के चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतात. यंदाच्या स्तंभाशेजारी गतवर्षीचा स्तंभ उभा केला की जोडस्तंभालेख होतो. त्यातला गतवर्षीचा स्तंभ उंच असेल तर दोष पावसाचा आणि यंदाचा उंच असेल तर श्रेय नियोजनाचे, असे वाचन रूढ आहे.

एकाच स्तंभाचे तुकडे पाडले की विभाजित स्तंभालेख तयार होतो. नाथसागराचे खरे चित्र इथेच दिसते. पूर्ण क्षमता सुमारे 2909 दशलक्ष घनमीटर. त्यात तळाचा 738 मृतसाठा आणि वरचा 2171 उपयुक्त साठा. रोजचे टक्के फक्त वरच्या तुकड्याचे. म्हणजे ‘धरण शून्य टक्के’ अशी बातमी येते त्या दिवशी, गाळाचा हिशेब सोडला तर, धरणात चौथा हिस्सा पाणी असते. त्याला मृत म्हणण्याची प्रथा आहे. टंचाईच्या उन्हाळ्यात शहर त्याच्यावरच जिवंत राहते. सोलापूरच्या उजनी धरणाचा स्तंभ तर मृतसाठा वापरात आला की शून्याखाली उतरून ‘उणे’ होतो. उणे पाणी पिऊन तहान भागवणारे जिल्हे जगात फार नसावेत.

आलेखात कधी स्तंभापेक्षा आडवी रेघ भारी ठरते. गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राने जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यापुढे 65 टक्क्यांची रेघ ओढली. ऑक्टोबरच्या मध्याला स्तंभ तिच्याखाली राहिला, तर नगर-नाशिककडच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. अक्ष 60 पासून सुरू केला, तर 64 आणि 66 यांत दीडपट फरक दिसतो. शून्यापासून काढला, तर डोळे बारीक करावे लागतात. आलेख कोणत्या गावात काढला, हे अक्षावरून ओळखता येते.

शतमान स्तंभालेखात प्रत्येक स्तंभ शंभराचा. त्यामुळे शहराजवळचा भरलेला छोटा हर्सूल तलाव आणि भरलेला नाथसागर एकाच उंचीचे दिसतात. हर्सूलला तेवढाच मान; पाणी मात्र त्या मानाने मिळत नाही. आयतालेखात स्तंभ शहरातल्या गुलमंडी बाजारातल्या दुकानांसारखे भिंतीला भिंत लावून असतात, कारण तिथे वर्गांतरे सलग असतात. वृत्तालेख हाही प्लेफेअरचाच, 1801 सालचा. वाटेकरी दोन-तीन असतील तोवर तो शोभतो. सात-आठ झाले की कोणाचा तुकडा मोठा यावरून भांडण होते आणि कोनमापक मागवावे लागते.

तेव्हा वाचकांनी स्तंभाची उंची पाहण्याआधी त्याचा पाय पाहावा. तो शून्यावर नसेल तर आलेखावर विश्वास ठेवू नये. असेल, तर ते शून्य नेमके कुठले, हे विचारावे. धरणाच्या बाबतीत ते तळाचे नसते.