तिळाचे लाडू पोचले

बर्लिन, रविवार

ती. आई-अण्णांना सा. न.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. पार्सल पोचलं. गोडा मसाला, भाजणी आणि डबाभर तिळाचे लाडू. लाडू कशासाठी ते तुझी चिठ्ठी वाचून कळलं आणि मिलिंदला हसून ठसका लागला. अगं, 'पिंट्यानं परत हॉलमध्ये शू केली' असं मी फोनवर म्हणाले तो पिंट्या तुझा नातू नव्हे, कुत्रा! नातवाचं अंथरूण कोरडं आहे. बंड्यामामाला यातलं काही सांगू नकोस, तो स्वतःच्या लग्नात माईकवर सांगेल.

खालचे आजोबा वृद्धाश्रमात गेले, त्यांचा हा फ्रिट्झ. सासरी आल्यावर नाव बदलतात तसं आम्ही त्याचं पिंट्या केलं. तिथे शहाण्यासारखा राहायचा. घर बदललं की शिकलेले कुत्रेही विसरतात म्हणे. लघवी तपासून घेतली, दोष काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दटावू नका, नाक घासू नका, त्यानं तो फक्त लपून करायला शिकेल. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच खाली न्या आणि बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. खाली म्हणजे चार जिने, लिफ्ट नाही. पहाटे बर्फात मिलिंद पायजम्यावर कोट चढवून जर्मन कुत्र्याला मराठीत 'शू… शू…' करत उभा असतो. झाली की 'शाब्बास!' असा ओरडतो की समोरच्या खिडक्या उघडतात. मला बढती मिळाली तेव्हा नुसतं 'अरे वा' म्हणाला होता.

अण्णा, आता बसून ऐका. इथे कुत्र्यावर कर आहे. पहिल्याला वर्षाला 120 युरो, पुढच्या प्रत्येकाला 180. गुणाकार करू नका, मीच सांगते, दहा हजारांच्या वर जातात. भरल्याचा बिल्ला बाहेर नेताना गळ्यात दिसलाच पाहिजे. विमाही सक्तीचा. शिवाय नियम आहे, कुत्र्याला बाहेर पुरेसं मोकळं फिरू द्यायचंच. मला तासभर मोकळं सोडावं असा नियम कुठल्याच सरकारनं केलेला नाही. एवढं सगळं भरून हा शू करतो कुठे? तर तू दिलेल्या सोलापुरी चादरीवर. वास राहिला की परत तिथेच येतो, म्हणून वास मुळापासून काढणारं महागडं औषध आणलं. पिंट्याचा वास गेला. तुझ्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचाही गेला. मी उगाच बराच वेळ चादर नाकाशी धरून बसले होते.

असो. मुलीकडचे 'आमची काहीच अपेक्षा नाही' म्हणाले ना, म्हणजे यादी लांब आहे, मामाला सांग. शालूमावशी आहेरावरून रुसली असेल तर रुसू दे; माझ्या लग्नातही रुसली होती आणि जिलबी तिनंच जास्त खाल्ली. शेजाऱ्यांच्या भिंतीचं काय झालं ते सविस्तर लिही. अण्णांनी मध्ये पडू नये.

तुमची,
सुमी

ता. क. लग्नाला यायचंय, पिंट्याला कुणी ठेवून घेतलं तर. त्याचा रोजचा दर विचारला. तो अण्णांना समोर बसवूनच सांगेन.