प्रेशरकाका

जुन्या सोसायटीत एक प्रेशरकाका असतोच. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त, खिशात पेनाशेजारी टॉर्च, हातात प्रेशर गेज. जिन्यात आपण सहज "काका, वरच्या मजल्यावर पाणी फार बारीक येतं हो" म्हणायचा अवकाश, त्या दिवशीचं ऑफिस बुडालंच समजा.

"बारीक म्हणजे किती?" असं विचारत काका थेट बाथरूममध्ये. नळाला गेज लागतो, काटा पाव किलोवर थांबतो. "टाकी तुमच्या नळापासून अडीच मीटर वर. दहा मीटरला एक किलो, तर अडीच मीटरला पाव. अगदी बरोबर आहे!" बादली भरत नाही, तेवढं सोडलं तर सगळं बरोबर असतं. मग बेसिनचा नळ सोडला की काटा खाली बसतो आणि काकांचा चेहरा खुलतो. "हे घर्षण! पाणी चालायला लागलं की वाटखर्च आलाच."

बर्नुलीबद्दल काकांना आदर आहे, पण व्यवहार घर्षणाचा हिशेब मांडणाऱ्या डार्सी-वाइसबाख सूत्राशी. 1738 साली बर्नुलीने 'हायड्रोडायनॅमिका' छापलं, ते ठीक. पण त्याच्या सूत्रातल्या पाइपला गंज चढत नाही, ही काकांची तक्रार. आपल्या बिल्डिंगचे जीआय पाइप मात्र त्यांनी गंजासकट एक्सेलमध्ये बसवलेत. प्रत्येक एल्बो, प्रत्येक टी, अर्धवट उघडा राहिलेला प्रत्येक व्हॉल्व्ह. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भांडी कधी घासतात, हेसुद्धा त्यात आहे. वहिनींना ते कळलं त्या दिवशी जिन्यातलं प्रेशर बरंच वाढलं होतं.

शिवाय त्यांचं मॉडेल स्थिर प्रवाहाचं. म्हणजे सगळ्यांनी आपापला नळ एका मापात सोडून गप्प बसायचं. मधेच कुणी फ्लश ओढला की काका वरून ओरडतात, "अहो, कोण आहे तिकडे?"

उपाय त्यांच्याकडे तयार आहे : अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची पाइप. "व्यास दीडपट केला की तेवढ्याच पाण्याला घर्षणाचा तोटा साडेसात पटींनी उतरतो. पाचवा घात आहे, चेष्टा नाही!" वार्षिक सभेत खजिनदारांनी फक्त खर्च विचारला. मग वरच्या मजल्यावर बूस्टर पंप बसला. त्याने त्याच लाइनीवरच्या खालच्या बिऱ्हाडांचं पाणी ओढलं, जे काकांनी आधीच प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलं होतं.

काकांचं गणित आजवर एकदाही चुकलेलं नाही. पाइप अजून अर्धा इंचीच आहे.