हवाभाऊ

काल पुन्हा तेच झालं. राजकमल चौकात माझी स्कूटर उभी होती आणि शेजारी एक डोंगर येऊन थांबला. डोंगराची काच खाली गेली, वरून आवाज आला, "मागच्या चाकात हवा लय आहे बावा तुमच्या. कमी करा." डोंगर घोंघावत निघून गेला. मी पुढच्या पंपावर मुकाट्यानं हवा तपासून घेतली. बरोबर होती.

हे आमचे हवाभाऊ. यांची ओळख करून द्यायला नको. तुमच्या गल्लीत ज्या गाडीमुळे घंटागाडीला वळता येत नाही ती यांची, आणि अशी एक गाडी आता प्रत्येक गल्लीत आहे. असे दोघं भेटले की नमस्कार-चमत्कार न करता एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघतात. बाजूला उभ्या असलेल्या बायका तोपर्यंत एकमेकींना ओळखायला लागलेल्या असतात.

भाऊंचं मोटारपंपाचं दुकान अकोल्याला, घर अमरावतीला. रोजचं अप-डाऊन. हा रस्ता कैक वर्षं असा होता की बडनेरा सोडलं की बोलणं बंद करायचं, नाहीतर जीभ चावली जायची. त्या काळात भाऊंकडे एक छोटी, पांढरी, जुनी गाडी होती. तिला ना फोर बाय फोर, ना काही. मुर्तिजापूरचे खड्डे ती गाडी म्हातारी पायऱ्या उतरते तशी कुरकुरत उतरायची आणि पोचायची. मग जून २०२२ मध्ये याच महामार्गावर एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला. आमच्याकडे पेढे वाटले गेले. रस्ता असा झाला की कपातला चहा हलेना.

आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला भाऊंनी थार घेतली.

मी विचारलं, "रस्ता झाल्यावर?" भाऊ म्हणाले, "रस्त्यासाठी कोन घेते? रस्ता नसंन तिथं जायासाठी घेतली." रस्ता नसलेलं ठिकाण वऱ्हाडात शोधावं लागतं हे मला नवीन होतं.

ही गाडी मुळातच काही नाजूक नाही. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल, असं कंपनीच सांगते. एवढं पाणी आमच्या भागात वर्षातून चार दिवस असतं, आणि त्या चार दिवसांत शहाणा माणूस घरी भजी खातो. पण भाऊंचं म्हणणं, "कंपनीची गाडी म्हंजे बिनफोडणीचं वरन." मग फोडणी सुरू झाली. आधी स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उचलली. उचलल्यावर जुनी चाकं केविलवाणी दिसायला लागली, म्हणून मोठी, दातेरी आणली. मग पुढं लोखंडी बंपर, त्यात विंच, टपावर दिव्यांची पट्टी. शेवटी बॉनेटच्या कडेनं वर जाणारी काळी सोंड. तिला स्नॉर्केल म्हणतात. कमरेएवढ्या पाण्यातही इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून ती असते. अकोल्याच्या मोर्णा नदीत पाण्यापेक्षा जलकुंभी जास्त असते. तरी सोंड आहे.

चाकांच्या दात्यांमुळे त्या विश्वविक्रमी गुळगुळीत रस्त्यावर गाडी पिठाच्या गिरणीसारखी घुमते. रोज जाऊन-येऊन पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर भाऊ गिरणीत बसून जातात. घरी फोन आला तरी ओरडूनच बोलतात. ॲव्हरेज विचारू नये. मी एकदा विचारलं, तर त्यांनी मला मोठ्या चाकामुळे स्पीडोमीटर कमी वेग कसा दाखवतो ते वीस मिनिटं समजावलं.

पण खरा विषय हवा. भाऊंच्या लेखी जगातली बहुतेक दुःखं हवा जास्त असल्यामुळे आहेत. शास्त्र खरं आहे, ते नाकारत नाही. बत्तीसची हवा अठरावर आणली की टायर भाकरीसारखा पसरतो, जमिनीवर लांब टेकतो, त्यामुळे रेतीत रुतत नाही आणि दगडावर पकड धरतो. फक्त भाऊ हे शास्त्र कुठंही लावतात. मुंजीला मंगल कार्यालयाच्या आवारात मुरूम टाकला होता. भाऊंनी फाटकाबाहेर थांबून चारही चाकांची हवा सोडली आणि बटू भिक्षावळीला निघाला तेव्हा आत पोचले. सुनेचा पोळीचा गोळा फाटला, "हवा कमी कर." माझं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांच्या आधी भाऊंचं निदान तयार होतं.

लोक चिखलदऱ्याला हवा खायला जातात. भाऊ सोडायला जातात.

एकदा आम्हाला घेऊन गेले. कीचकाला भीमानं तिथल्या दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, असं लोक सांगतात. भाऊंना त्या नावात फक्त चिखल ऐकू येतो. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, तिथं रस्ता सोडून गाडी घालायची सोय नाही, आणि असू पण नये. म्हणून भाऊंची मोहीम परतवाड्याच्या पुढं, एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्याकडे जाणाऱ्या दगडी वाटेवर होती. लांबी अंदाजे एक किलोमीटर. भाऊ उतरले, गुडघ्यावर बसले, फुस्स, फुस्स, फुस्स, फुस्स. लिव्हर ओढून फोर-लो घातलं. गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. आम्ही वरचे दांडे धरून डावीकडून उजवीकडे पडत होतो आणि भाऊ "पाहा, पाहा, कशी चढते" म्हणत होते. तेवढ्यात मागून हॉर्न. मोटारसायकलवर एक कोरकू दादा, मागं बायको, मधे पोरगं, टाकीवर बोकड. भाऊंनी बाजू दिली. ते चौघं पुढं निघून गेले. बोकडानं मागं वळून पाहिलं.

जाणं झालं. पण सोडलेली हवा परत भरावी लागते. छोटा कॉम्प्रेसर, मोठी चाकं, एकेका चाकाला दहा-बारा मिनिटं. अंधार पडला. दशम्या संपल्या. वहिनी म्हणाल्या, "यायच्या गाडीत चढाले शिडी लागते, घरी पोचाले नवस लागते."

इथवर लिहून थांबायचा विचार होता. पण मागच्या पोळ्याच्या आधीचा आठवडा मधे येतो.

आमचं वावर दर्यापूरकडे. काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी. डांबरी सोडली की दीड किलोमीटर पांदण, आणि पहिल्या पावसानंतर तिथं बैलबंडीशिवाय काही जात नाही. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी वावर पाहिलं नव्हतं. पऱ्हाटी कशी आहे ते मी फोनवर फोटोत दाखवायचो. ते फोटो बोटानं मोठा करायचे, बारीक करायचे आणि फोन परत द्यायचे.

हे मी भाऊंना कधी सांगितलं ते आठवत नाही. एका रविवारी सकाळी सहाला दारात गिरणी घुमली. "काकाले घ्या. वावर पाह्यचं आहे म्हने."

बाबांना गाडीत चढता येईना. दोन इंच उचललेली, वर मोठी चाकं, पायरी मांडीपर्यंत. भाऊ एवढे ओशाळले की मला बरं वाटलं. मग काही न बोलता ते खाली बसले आणि चारही चाकांची हवा सोडली. फुस्स, फुस्स, फुस्स, फुस्स. गाडी दोन बोटं खाली आली. उरलेल्या उंचीला बायकोनं शिलाई मशीनसमोरचं स्टूल आणलं. बाबा चढले. गावातल्या फाट्यापर्यंत गाडी तीसच्या वर नेली नाही, मागचे ट्रक शिव्या देत गेले.

पांदणीत शंभर पावलं आत गेलो आणि रुतलो. त्या मातीपुढं दातेरी चाक वगैरे काही नसतं. दाते गच्च भरले, चार चाकांचे चार लाडू झाले. विंचचा दोर बांधायला झाड नव्हतं. भाऊ उतरले, पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "हवा कमी करू का?"

कमी करायला हवाच उरली नव्हती.

शेवटी शेजारच्या वावरातून बैलजोडी आली. चऱ्हाट बांधलं, इकडून फोर-लो, तिकडून हाकारा, मागून मी. गाडी सुटली. बाबा खिडकीतून बैलांचे पाय मोजत म्हणाले, "याले म्हनते आठ बाय आठ." तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. बांधापर्यंत पोचलो. ते उतरले नाहीत. काच खाली करून अर्धा तास पऱ्हाटी बघत बसले. भाऊ तेवढा वेळ चाकातली माती काडीनं उकरत राहिले आणि एकदाही बोलले नाहीत. त्यांचा हा एवढाच मौनाचा प्रसंग माझ्या माहितीत आहे.

बाबा दिवाळीनंतर गेले.

स्टूल अजून भाऊंच्या डिकीत आहे, विंचच्या रिमोटशेजारी. त्यांनी परत केलं नाही, आम्ही मागितलं नाही. बायको नव्या स्टुलावर शिवते. पांदण दीड किलोमीटरचीच आहे. मोजणी झाली आहे, खडी यायची आहे.