हिरव्या रंगाचा गुरुवार

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी गेली नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. त्यामुळे काहीही नवं ऐकलं की ‘याचा ठराव झाला होता का?’ हाच प्रश्न माझ्या मनात आधी उभा राहतो.

परवा पुतण्या बर्लिनहून आला होता. जेवताना सहज म्हणाला की त्याच्या ओळखीच्या एका जोडप्यानं लग्नाच्या आठव्या वर्षी लग्न ‘ओपन’ केलंय. दोघंही शिकलेली, नोकरीवाली, एक मूल. एकमेकांना सांगून, विचारून दोघंही आणखी कुणाकुणाला भेटतात.

“गोंधळ नाही होत?” मी विचारलं.

“नाही काका. दोघांचं मिळून एक कॅलेंडर आहे फोनवर. तिच्या डेट्स हिरव्या, त्याच्या निळ्या. तिचा गुरुवार ठरलेला.”

माझा घास हातातच राहिला. धक्का परपुरुषाचा नव्हता, कॅलेंडरचा होता. मुक्त प्रेम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे समुद्र, मोकळे केस आणि फार तर एक गिटार येते. तिथे दर गुरुवारी साडेसात?

बायकोनं मात्र शांतपणे विचारलं, “मग गुरुवारी मुलाला जेवायला कोण घालतं?”

“तो घालतो, काकू.”

“मग बरंय की,” ती म्हणाली आणि त्याच्या पानात आमटी वाढली.

त्या रात्री पडल्या पडल्या मी या प्रकाराला मराठी शब्द शोधत होतो. भानगड, लफडं, प्रकरण, बाहेरख्यालीपणा, अंगवस्त्र. या बाबतीत आपली भाषा चांगलीच सुखवस्तू आहे, पण सगळी इस्टेट लपवाछपवीची. घरी सांगून केलेल्या भानगडीला आपल्याकडे नाव नाही, कारण सांगून केली तर ती भानगड कसली? ‘सवत’ आहे, ‘सवतीमत्सर’ आहे. नवऱ्याच्या बाजूनं तसाच शब्द शोधला तर ‘प्रतिस्पर्धी’वर येऊन थांबावं लागतं, आणि तो क्रिकेटमधला. सवतीची गरज होती म्हणून शब्द होता. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला कायद्यानं मनाई झाली ती १९४६ साली. तोवर पहिलीला विचारायची पद्धत नव्हती. कळवायची होती, तीही बहुधा वरात दारात आल्यावर.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी यासाठी ‘वाइफ स्वॅपिंग’ असा शब्द बरीच वर्षं चालवला. तो ऐकला की मला बोहारीण आठवते. उंबऱ्याशी बसून घासाघीस करायची, जुनी पैठणी द्यायची, वर पातेलं मागायचं. पैठणीला काय वाटतं हे बोहारीण विचारत नाही. आता त्या जगातली माणसं ‘स्विंगिंग’ म्हणतात, कारण बायकोही तितकीच ठरवणारी असते, निदान असायला हवी. पुतण्यानं दुसऱ्या दिवशी चहा घेताना फरक समजावून दिला. स्विंगिंगवाली जोडपी जोडीनं जातात आणि जोडीनंच घरी येतात. शरीराला मुभा, मन मात्र घरच्या कपाटात कुलूप लावून. पॉलिअमरीवाल्यांना मनही बरोबर न्यायची परवानगी असते. मला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा वाटला, बायकोला पहिला. एकतीस वर्षांच्या संसारात आमचा हा मतभेद आम्हांला त्या चहाच्या वेळी पहिल्यांदा कळला.

कॅलेंडर काही डोक्यातून जाईना. मग लक्षात आलं की हे आपल्याकडे फार आधी होऊन गेलंय. द्रौपदीचं लग्न पाचांशी झालं आणि पुढे नारदमुनी दारात हजर. त्यांनी आधी सुंद आणि उपसुंद या दोन जिवलग भावांची गोष्ट सांगितली. एका तिलोत्तमेपायी दोघांनी एकमेकांना मारलं. मग पांडवांनी मुनींसमोरच नियम केला. एक भाऊ द्रौपदीजवळ असताना दुसरा आत आला तर त्यानं बारा वर्षं वनात ब्रह्मचर्यानं राहायचं. माझ्या माहितीतला हा पहिला लेखी नसलेला पण कडक असा उपविधी. तो मोडला अर्जुनानं. एका ब्राह्मणाच्या गाई चोर नेत होते आणि शस्त्रं नेमकी त्याच दालनात. युधिष्ठिरानं अध्यक्षाच्या अधिकारात माफीही देऊ केली: धाकट्यानं थोरल्याच्या दालनात येणं हा गुन्हाच नव्हे. अर्जुनानं ती नाकारली आणि निघाला. त्या ब्रह्मचर्यात त्यानं उलूपी, चित्रांगदा आणि सुभद्रा अशी तीन लग्नं जमवली, हे सेक्रेटरी म्हणून मला आजही पटलेलं नाही. तो सुभद्रेला घेऊन परतल्यावर द्रौपदीनं त्याला ऐकवलंच की नवी गाठ बसली की जुनी सैल होतेच. पाच नवरे असलेल्या बाईचाही मत्सर शिल्लक होता. अर्जुनानं सुभद्रेला गवळणीच्या वेषात पाठवलं, तिनं ‘मी तुमची दासी’ म्हटलं, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

अमेरिकेनं हाच प्रयोग संस्था काढून केला. जॉन हम्फ्री नॉइस नावाच्या धर्मोपदेशकानं १८४८ साली न्यूयॉर्क राज्यात ओनायडा इथे एक वसाहत वसवली. पुढे तिथे तीनेकशे माणसं एका मोठ्या वाड्यात राहत. सगळ्यांचं सगळ्यांशी लग्न लागलेलं आहे असा त्यांचा सिद्धान्त. पण म्हणून उठलं आणि कुणाच्याही खोलीत गेलं असं नव्हे. निरोप मध्यस्थामार्फत पाठवायचा, मध्यस्थ बहुधा एखादी वडीलधारी बाई, आणि जिला निरोप गेला तिला ‘नाही’ म्हणायचा हक्क. आमच्या मावशीनं अर्ध्या तालुक्याची लग्नं अशीच जमवली, फरक एवढाच की ती प्रत्येकाचं एकदाच जमवायची. तिथे गुन्हा एकच होता, कुणा एकावर खास प्रेम बसणं. तसं झालं की सभा भरायची, मधोमध बसवायचे आणि सगळ्यांनी मिळून दोष सांगायचे. मी नऊ वार्षिक सभांतून गेलोय, मला कल्पना आहे.

तिथेच चार्ल्स गिटो नावाचा एक गृहस्थ पाचेक वर्षं राहिला. सगळ्यांचं सगळ्यांशी लग्न असलेल्या त्या वाड्यात एकही बाई त्याच्याकडे फिरकली नाही. उलट त्याच्या आडनावावर कोटी करून त्याला ‘गेट आउट’ म्हणू लागल्या. पुढे १८८१ मध्ये याच गिटोनं राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी घातली. नकार पचवायचं शास्त्र अजून कुठल्याच वसाहतीत तयार झालेलं नाही.

वसाहतीचा शेवटही फारसा गोड नव्हता. अखेरचा शब्द नॉइसचाच चाले. कोवळ्या वयाच्या मुलीही त्या व्यवस्थेत ओढल्या गेल्या, आणि जिथे गुरू हो म्हणायला शिकवतो तिथल्या होकाराला किती किंमत द्यायची? १८७९ मध्ये अटकेच्या भीतीनं तो रातोरात कॅनडात पळाला. त्याच ऑगस्टमध्ये वसाहतीनं ही पद्धत सोडली आणि कितीतरी जणांनी रीतसर एकेक लग्न लावून घेतलं. वसाहतीची कंपनी झाली, आणि ती कंपनी पुढे काटे-चमच्यांसाठी नावाजली. सॅन फ्रान्सिस्कोत १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं केरिस्टा नावाचं एक बिऱ्हाड होतं, तिथे कोण कुठल्या रात्री कुणाच्या खोलीत याचं फिरतं वेळापत्रक असे. त्यांनी अखेर कॉम्प्युटर विकायला काढले. खुल्या प्रेमातून शेवटी दुकान निघतं असं दिसतं.

केरिस्टावाल्यांनी जाता जाता एक शब्द मागे ठेवला, ‘कम्पर्शन’. आपला जोडीदार दुसऱ्याबरोबर सुखात आहे हे पाहून होणारा आनंद. पतंजलीनं अशाच काहीशा भावनेला ‘मुदिता’ म्हटलंय. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चारांतली मला आजवर फक्त शेवटची साधली आहे, तीही सभासदांच्या तक्रारअर्जांच्या बाबतीत.

आपला कायदा मात्र या विषयात माझ्याहून पुढे होता, फक्त उलट्या दिशेनं. १८६० च्या दंडसंहितेत कलम ४९७ होतं. परक्या विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! तिची संमती? तो प्रश्न कलमाला पडलाच नव्हता. पुन्हा बोहारीण. मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं हे कलम टिकवलं, १९८५ मध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी टिकवलं, आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी ज्या पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं त्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय होते. घरातला मतभेद इतक्या सभ्यपणे सुटलेला मी दुसरा पाहिला नाही.

पुतण्या बर्लिनला परत गेला त्या रात्री मी हे सगळं बायकोला सांगत होतो. ती ओट्याशी उभी राहून कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहीत होती.

“थोडक्यात काय,” मी म्हणालो, “सगळा प्रश्न विचारण्याचा आहे.”

“अहो,” ती मान वर न करता म्हणाली, “मंगळवारी तुमची कमिटी, शुक्रवारी लिफ्टवाला, रविवारी सकाळी पाण्याची टाकी. नऊ वर्षं झाली. मला विचारलं होतं कुणी?”

मी इतिवृत्तं आठवून पाहिली. तसा ठराव कुठेच नव्हता.

ती झोपायला गेल्यावर मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतलं हिरवं स्केचपेन शोधून काढलं आणि येत्या शनिवारच्या चौकोनात लिहिलं, ‘आपण दोघं. संध्याकाळ.’ खाली कंसात ‘मंजुरीसाठी’ असंही लिहिलं.

सकाळी चहा ठेवताना पाहिलं. माझ्या अक्षराखाली तिच्या बारीक अक्षरात उत्तर आलं होतं, ‘शनिवारी भिशी आहे. गुरुवार चालेल.’